वर येण्याचा वेळ कामातच धरावा

एका मोठ्या संदर्भग्रंथाच्या संपादनाचे काम सलग चौदा महिने चालले आणि एका शुक्रवारी संध्याकाळी, शेवटचे मुद्रित तपासून पाठवल्याबरोबर, ते संपले. अखेरच्या तीन महिन्यांत आम्हा संपादकांना रविवार उरला नव्हता. झोपेतही नोंदींचे अनुक्रम डोळ्यांपुढून सरकत असत, आणि हे एकदा संपले की काय काय करायचे याच्या याद्या आम्ही एकमेकांना ऐकवत असू. प्रत्यक्षात शनिवार झोपेत गेला, आणि सोमवारी पहाटे नेहमीच्याच वेळी जाग आली तेव्हा उठून करायचे काय हे ठाऊक नव्हते. सवयीने टेबलाशी जाऊन बसले, ईमेल उघडले, कोणाचेही काही आलेले नव्हते. वाचायची म्हणून वर्षभर बाजूला काढून ठेवलेल्या पुस्तकांपैकी एकही दहा पानांपलीकडे गेले नाही. चौथ्या दिवशी ताप आला. पुढचे पाच-सहा आठवडे एक अपराधी भाव सतत सोबत होता: काहीतरी करायचे राहून गेले आहे, कोणीतरी खोळंबले आहे, आणि आपण मात्र बसून आहोत. ज्यांना हे सांगितले त्यांनी, इतक्या दिवसांनी सुटी मिळाली आहे तर आराम कर, असे प्रेमाने सुचवले. त्यानंतर मी सांगणे बंद केले.

आमच्या गटातील बहुतेकांचे कमीअधिक प्रमाणात असेच झाले होते, हे वर्षभराने बोलण्याच्या ओघात उघड झाले. प्रत्येकाने तो आपल्या स्वभावाचा दोष मानला होता आणि म्हणून लपवला होता. परीक्षा संपलेले विद्यार्थी, निवडणुकीच्या कामातून सुटलेले कर्मचारी, स्पर्धांचा हंगाम उरकलेले खेळाडू आणि नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक यांच्याकडूनही मी हेच ऐकले आहे. म्हणून या प्रश्नाकडे खासगी गाऱ्हाणे म्हणून पाहणे मला चुकीचे वाटते. दीर्घ धावपळीनंतर येणारी ही अवस्था कामानेच घडवलेली असते. तिच्यातून बाहेर येण्यासाठी लागणारा वेळ कामाच्याच हिशेबात धरला पाहिजे, आणि तो धरण्याची जबाबदारी ज्यांनी ते काम करवून घेतले त्यांच्यावर टाकली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

शरीराची साक्ष या बाबतीत पुरेशी स्पष्ट आहे. सुटी लागताच आजारी पडणाऱ्या माणसांचा अभ्यास नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ आड फिंगरहूट्स यांनी या शतकाच्या सुरुवातीला केला. त्यांनी विचारलेल्या सुमारे दोन हजार लोकांपैकी जवळपास तीन टक्के लोकांनी आपले असे होते असे सांगितले, आणि कामाचा मोठा बोजा व कामातून कामाबाहेर येण्यातली अडचण या दोन गोष्टी त्यांच्यात ठळकपणे आढळल्या. अर्धशिशीच्या रुग्णांच्या रोजनिश्यांवरून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात, ताण ओसरल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत डोकेदुखीचा धोका जवळपास पाचपट वाढलेला दिसला. त्याच्याही बऱ्याच आधी, १९१९ साली, हंगेरीचे मनोविश्लेषक शांदोर फेरेन्झी यांनी आठवडाभर ठीक असलेल्या आणि रविवारीच उदास होणाऱ्या किंवा पोट व डोके धरून बसणाऱ्या रुग्णांविषयी लिहिले होते. म्हणजे आठवड्याच्या एका सुटीची ही कथा. महिनोन्महिने चाललेल्या कामानंतर जे होते ते याच्याहून सौम्य असण्याचे कारण नाही.

आपल्या भाषेत अशा वेळेला दोन विशेषणे आहेत, आणि त्यांच्यातला फरक आपण बोलताना अचूक पाळतो. भांडे रिकामे असते, घर रिकामे असते, हात रिकामे असतात. जिथे काहीतरी असायला हवे होते आणि ते नाही, तिथे आपण हा शब्द वापरतो. गाठ मात्र मोकळी होते, रस्ता मोकळा होतो, श्वास मोकळा होतो. ज्याच्यावरचे बंधन सुटले त्याला आपण मोकळा म्हणतो. रिकामटेकडा ही शिवी आहे, रिकाम्या मनाला आपण सैतानाचे घर ठरवले आहे, पण मोकळ्या मनाला कोणी कधी नावे ठेवलेली नाहीत. काम संपते त्या दिवशी हाती येतो तो रिकामा वेळ असतो. तो मोकळा होण्यासाठी काहीतरी घडावे लागते, आणि नेमके ते घडण्याची व्यवस्था आपण कोठेही केलेली नाही.

या फरकाची सर्वांत बारकाईने घेतलेली नोंद ऑस्ट्रियातील मारिएनताल या गावची आहे. व्हिएन्नाजवळच्या या गावाचे सारे जगणे एका कापड गिरणीवर अवलंबून होते आणि १९३० च्या सुमारास ती पूर्ण बंद पडली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या संशोधकांच्या गटाने १९३१ च्या अखेरीपासून तेथील शेकडो कुटुंबांचे जीवन जवळून पाहिले. त्यांची अपेक्षा साधी होती: इतका वेळ हाती आल्यावर माणसे अधिक वाचतील, सार्वजनिक कामांत अधिक भाग घेतील. दिसले ते उलट. गावच्या ग्रंथालयाने वाचनशुल्क माफ केले होते, तरीही १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत बाहेर जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. पुरुषांना दिवसाचा हिशेब लिहायला दिला तेव्हा उठणे, जेवणे आणि झोपणे एवढेच टप्पे त्यांना आठवत आणि मधल्या तासांत काय झाले ते सांगता येत नसे. रस्त्याने जाताना ते वारंवार थांबत. बायका मात्र त्यांच्यापेक्षा वेगाने चालत, कारण चूल, मुले आणि धुणे यांनी भरलेला त्यांचा दिवस गिरणी बंद झाली म्हणून संपला नव्हता.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ती माणसे बेकार होती, उपाशी होती. त्यांची अवस्था दारिद्र्याची होती, सुटीची नव्हती. हे मान्य केलेच पाहिजे, आणि पगारी रजेवरच्या माणसाने स्वतःला त्यांच्या पंक्तीला बसवणे अनुचित ठरेल. तरीही मोफत पुस्तकही न उचलण्याचे स्पष्टीकरण केवळ भुकेने पूर्ण होत नाही. याहोडांनी पुढे आयुष्यभर या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि काम माणसाला पैशाखेरीज पाच गोष्टी देते असे मांडले: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी नित्य संबंध, सामूहिक उद्दिष्टातला वाटा, समाजातील स्थान आणि हातांना सतत उद्योग. मला ही मांडणी फार मोलाची वाटते, कारण सुटीवर असलेल्या, पोटाची चिंता नसलेल्या माणसाचे काय हरपते हे तिच्यामुळे नेमके सांगता येते. पगार चालू असला तरी या पाचही गोष्टी एकाच संध्याकाळी जाऊ शकतात. आणि काम जितके तीव्र, तितके या पाचांचे अन्य सगळे स्रोत त्याने आधीच आटवलेले असतात. मित्रांचे फोन आपण महिनोन्महिने उचललेले नसतात, गाण्याचा रियाज सुटलेला असतो, संध्याकाळी फिरायला येणारी मंडळी आपल्याशिवाय फिरायला शिकलेली असतात. अशा माणसाला एखादा छंद लावून घेण्याचा सल्ला देणे म्हणजे वर्षभर न नांगरलेल्या शेताकडे उद्याच्या पिकाची मागणी करणे होय.

फुरसतीचे हे संकट अर्थशास्त्रज्ञांनाही अनोळखी नव्हते. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० साली लिहिलेल्या निबंधात शंभर वर्षांनंतर माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल असा अंदाज बांधला होता. तो अंदाज सर्वांना आठवतो; त्याच निबंधात, झटण्यासाठीच घडवलेल्या माणसाला मिळालेल्या सवडीचे काय करावे हे कळणार नाही आणि त्यातून सार्वत्रिक मानसिक पडझड होईल, अशी भीतीही त्यांनी व्यक्त केली होती, ती फारशी कोणाला आठवत नाही. ही भीती अटळ मानण्याचे मात्र कारण नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतील बॅटल क्रीक येथील केलॉग कारखान्याने आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या सुरू केल्या. कामगारांना रोज दोन तास अधिकचे मिळू लागले, ते बागकामात, मुलांत, शेजारात आणि वाचनात गेले, आणि त्या वेळेने कोणी खचले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक विभाग आठ तासांकडे परतले तरी काही कामगारांनी, ज्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, आपले सहा तास १९८५ पर्यंत सोडले नाहीत.

मारिएनताल आणि बॅटल क्रीक यांच्यातला फरक केवळ पैशाचा नाही, वेळ कसा हाती आला याचाही आहे. एकीकडे सगळा वेळ एकदम अंगावर कोसळला, दुसरीकडे तो रोज थोडा, ठरल्या वेळी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्याच वेळी मिळत गेला. अमेरिकेत एकवीस हजारांहून अधिक लोकांच्या दिवसांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणातही याला मिळतेजुळते काही दिसते. स्वतःच्या इच्छेने वापरायचा वेळ दिवसाला सुमारे दोन तासांपर्यंत वाढला की समाधान वाढते, आणि पाच तासांच्या पुढे ते घसरू लागते. त्याच संशोधकांच्या पुढच्या प्रयोगांत, तो वेळ माणसांत किंवा काहीतरी साधण्यात जात असल्याची कल्पना केल्यावर ही घसरण दिसेनाशी झाली. म्हणजे तासांची संख्या एकटी घातक नाही. घातक असतो तो आकार नसलेला, एकट्याने सोसायचा आणि अचानक आलेला वेळ.

या अवस्थेचे सर्वांत करुण उदाहरण कोणत्याही कार्यालयात सापडणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या आईची, वडिलांची किंवा जोडीदाराची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारी एखादी स्त्री डोळ्यांपुढे आणावी. औषधांच्या वेळा, कूस बदलण्याच्या वेळा, रात्रीचे दोनदा उठणे, घराबाहेर पडताना मागे कोण बसणार याचा हिशेब, या सगळ्यांनी तिचा दिवस इतका घट्ट विणलेला असतो की त्यात तिची स्वतःची अशी जागा उरत नाही. मग एके दिवशी तो रुग्ण जातो. भेटायला येणारी माणसे चांगल्या भावनेनेच म्हणतात, खूप केलेस, आता मोकळी झालीस, आता स्वतःकडे बघ. त्या रात्री दोन वाजता ती औषधाच्या वेळेला जागी होते, आणि त्यानंतरच्या कितीतरी रात्री होत राहते. तिचे दुःख लोकांना दिसते, त्याला शब्द आहेत, रीती आहेत. पण दुःखाच्या शेजारी असलेली दुसरी गोष्ट, हातांना सवय झालेले काम एकाएकी निघून गेल्याची, तिला कोणी नाव दिलेले नाही. काहीशी सुटका वाटली याची तिला लाज वाटते, आणि सुटका होऊनही बरे वाटत नाही याचीही. मला या विषयाची निकड वाटते ती मुख्यतः अशा माणसांमुळे. ब्रिटनमध्ये शुश्रूषा करणाऱ्यांना मिळणारा सरकारी भत्ता रुग्णाच्या मृत्यूनंतरही साधारणपणे आठ आठवड्यांपर्यंत चालू राहतो. रक्कम किती आणि पुरेशी की अपुरी हा वेगळा वाद आहे, पण शुश्रूषेचे काम रुग्णाबरोबर त्याच क्षणी संपत नाही, हे एका राज्यव्यवस्थेने नियमात लिहून मान्य केले आहे.

असा नियम अन्यत्र का नसावा, याचा विचार करताना मला खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांचे शास्त्र आठवते. खोल पाण्यात, किंवा पुलाचे पाये खणताना वापरल्या जाणाऱ्या दाबाच्या कोठड्यांत, श्वासाबरोबरचा नायट्रोजन मोठ्या प्रमाणात रक्तात आणि ऊतींत विरघळतो. माणूस खाली असेपर्यंत त्याला त्याची इजा होत नाही. तो झटकन वर आला की दाब उतरतो, त्या वायूचे बुडबुडे होतात, सांधे असह्य दुखतात, आणि प्रसंगी पक्षाघात किंवा मृत्यू ओढवतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायांवर १८७० च्या दशकात काम करणारे अनेक मजूर असे आजारी पडले आणि खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंगही त्यातून सुटले नाहीत. पुढे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. किती खोल, किती वेळ खाली, यावरून कोठे किती थांबायचे हे त्यांत ठरलेले असते. या शास्त्रातली एक गोष्ट मला निर्णायक वाटते: खाली जितका अधिक काळ जाईल तितका वर येण्याला अधिक वेळ लागणार, हे काम ठरवतानाच गृहीत धरले जाते. त्या थांब्यांत पाणबुड्या काहीच घडवत नसतो, तरी त्यांना आळस म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

माणसाच्या मनाबाबत अशी कोष्टके नाहीत, पण थांब्यांची कल्पना संस्थांना अगदीच परकी नाही. कॅनडाने २००२ साली अफगाणिस्तानातून परतणाऱ्या सैनिकांना थेट घरी न नेता काही दिवस ग्वाम बेटावर थांबवले आणि ब्रिटनने पुढे सायप्रसमध्ये तशीच सोय केली. स्वीडनने १९७६ साली साठी ओलांडलेल्या कामगारांना कामाचे तास कमी करून अंशतः पेन्शन घेण्याची मुभा दिली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या रजाविषयक करारात वर्षाला किमान तीन आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि तिचे तुकडे केले तरी, वेगळे काही ठरले नसेल तर, एक तुकडा सलग दोन आठवड्यांचा असावा असे म्हटले आहे. लांब सुटीत माणसाचे स्वास्थ्य आठव्या दिवसाच्या आसपास सर्वांत वर जाते असे नेदरलँड्समधील एका छोट्या अभ्यासात आढळले होते. ते लक्षात घेतले तर दर खेपेला चार-पाच दिवसांची रजा देऊन परत बोलावणारी व्यवस्था माणसाला विसाव्याच्या वाटेवरूनच मागे ओढते, असे म्हणावे लागेल.

माझी मागणी यावरून उघड आहे. ज्या कामाला महिनोन्महिन्यांची अखंड तीव्रता लागते, त्याच्या वेळापत्रकात आणि अंदाजपत्रकात उतरणीचा काळ धरलेला असावा: शेवटचे काही आठवडे अर्ध्या वेळेचे, पूर्ण पगाराचे, गटाने एकत्र घालवायचे. त्यात नोंदी लावाव्यात, पुढच्यांकडे सोपवायचे ते सोपवावे, राहिलेल्या शंका लिहून ठेवाव्यात आणि काय साधले व काय साधले नाही हे एकमेकांशी बोलावे. निवृत्ती एका तारखेला कापून न काढता वर्षभरात उलगडावी. परीक्षेच्या शेवटच्या पेपरानंतर विद्यार्थ्यांसाठी शाळेचे दार, मैदान आणि ग्रंथालय महिनाभर उघडे राहावे, कारण वर्षभर ज्यांचा क्षण न् क्षण बांधून ठेवला त्यांना एका दुपारी रस्त्यावर सोडून देणे ही शाळेचीच हेळसांड आहे.

या उतरणीचा उपयोग माणसाला अधिक उत्पादक करण्यासाठी होऊ नये, याबाबत मात्र मी आग्रही आहे. असे आठवडे मिळाले की त्यांत प्रशिक्षण, अहवाल आणि पुढच्या कामाची पूर्वतयारी कोंबण्याचा मोह संस्थांना होणारच. माणसालाही तो होतो. शिकागोचे संशोधक क्रिस्टोफर शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१० च्या प्रयोगांत माणसे निमित्त मिळाले तरच धावपळ निवडत आणि एरवी बसून राहत. मात्र धावपळ करावी लागलेली माणसे बसून राहिलेल्यांपेक्षा अधिक समाधानी आढळली. याचा अर्थ रिकामेपणाची भीती खरी आहे आणि ती दाखवून माणसाकडून काहीही करवून घेता येते. ॲरिस्टॉटलने स्पार्टा या लढाऊ ग्रीक राज्याविषयी नेमकी हीच तक्रार केली होती: युद्ध चालू होते तोवर ते राज्य टिकले, आणि सत्ता मिळाल्यावर कोसळले, कारण युद्धाखेरीज दुसरे काही त्यांना शिकवलेच नव्हते, सवडीत कसे जगावे हे त्यांना येत नव्हते. आजच्या कितीतरी कार्यालयांत एक मोहीम संपण्याआधी दुसरी सुरू केली जाते, आणि त्याचे एक न बोललेले कारण असे असते की मधल्या शांततेत लोकांचे काय होईल हे कोणालाच पाहायचे नसते.

दुसरा ग्रंथ हाती घेण्याविषयी विचारणा झाली तेव्हा होकार देण्यापूर्वी मी वेळापत्रकात शेवटी तीन आठवडे घालून मागितले. त्या ओळीपुढच्या रकान्यात, या काळात कोणते काम पूर्ण होईल, असा प्रश्न छापलेला होता. आम्ही चौघांनी बसून त्यावर बराच विचार केला आणि अखेरीस, हेच काम पूर्ण होईल, असे लिहून दिले. ते मंजूर झाले आहे. नोंदींचे काम आता निम्म्यावर आले असून ते तीन आठवडे पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला येतील.